सहावा लाल चिमटा

माझ्या मावशीच्या शर्टाच्या कॉलरला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत. कधी एक, कधी दोन, एकदा तर चार. जिथे जिथे ती कामाला जाई तिथे तिला चिमटेबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. "नाव ठेवलंय म्हणजे लक्षात ठेवलंय," असं तिचं म्हणणं.

हे चिमटे बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात राहत. सहा निळे, सहा लाल. मी सात वर्षांची असताना त्यातला एक लाल चिमटा नाहीसा झाला आणि आळ माझ्यावर आला, कारण त्याच सुट्टीत मी बाहुलीचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातले होते. मी तो घेतला नव्हता. पण चिमटेचोर हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. घरात चार माणसं जमली की कुणीतरी ते काढायचंच आणि मीही हसायचे. खोटा आळसुद्धा सोळा वर्षं वापरला की अंगाला बरोबर बसतो.

मावशीचं काम एका वाक्यात सांगायचं तर चालू प्रोग्रॅम थांबवायचा, पण बंद करायचा नाही. काही प्रोग्रॅम असे असतात की ते एकदा बंद केले तर उठायला वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात काहीतरी भलतंच होऊन बसतं. ते कुठल्यातरी भिंतीमागे वर्षानुवर्षं चालत असतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बिघडले की मग मावशीला फोन जातो.

"पण तू त्याला थांबवतेस कशी?" मी एकदा जेवताना विचारलं होतं. समोर आजोबा होते, म्हणजे मावशीचे वडील.

"मी कुठे थांबवते? डीबगर थांबवतो."

"तो कोण?"

"तोही एक प्रोग्रॅमच. दुसऱ्यावर नजर ठेवणारा."

"म्हणजे सासू," आजोबा म्हणाले.

"बाबा, सासूला परवानगी लागत नाही. याला लागते." मावशीने ताट बाजूला सारलं. "कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांच्या वर एक मालक असतो, ऑपरेटिंग सिस्टिम. बाकीचे प्रोग्रॅम त्याचे भाडेकरू. एका भाडेकरूला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. डीबगर जाऊन मालकाला सांगतो, मला त्या अमक्याच्या खोलीत शिरायचंय. मालक बघतो याला अधिकार आहे का. असला तर किल्ली देतो. आणि त्या क्षणी तो भाडेकरू असेल तसा थांबतो. हात वर असेल तर हात वर."

"आणि मग?"

"मग त्याचे खिसे तपासायचे. कुठून आला, कुठे निघाला, कुणी पाठवला. हवं तर एकच पाऊल टाकू द्यायचं, परत थांबवायचं. झालं की सोडून द्यायचं. तो हात खाली करतो आणि चालायला लागतो. मधे कुणी येऊन गेलं हे त्याला कळतही नाही."

माझ्या अंगावर काटा आला होता. आजोबा मात्र खुशीत होते. त्यांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक त्यांच्या. "माझाच धंदा चालवते ही," ते म्हणाले. "शिकणाऱ्याला वाटतं गाडी तोच चालवतोय. ब्रेक आपण मारला हे त्याला कळता कामा नये. कळलं की घाबरतो, घाबरला की खांबावर जातो."

"आणि नेमक्या ठिकाणी थांबवायचं असेल तर?" मी विचारलं.

मावशीने टेबलावर पाच चमचे ओळीने मांडले. "हा प्रोग्रॅम. एकामागे एक आकडे. तो याच क्रमाने चालत येतो. मला तो तिसऱ्यापाशी थांबायला हवाय. मग मी तिसरा चमचा उचलते, माझ्याजवळ ठेवते, आणि त्याच्या जागी हे." तिने चमच्याच्या जागी काटा ठेवला, जेवणाचा काटा. "त्याचा पाय काट्यावर पडला की मालक त्याला धरतो आणि डीबगरला हाक मारतो, ये, तुझा माणूस सापडला. मी काय ते बघून घेते. मग काटा उचलायचा, खरा चमचा परत ठेवायचा, याला एक पाऊल मागे घ्यायचं, तेवढं एकच पाऊल चालवायचं, पुन्हा चमचा काढून काटा ठेवायचा, आणि जा म्हणायचं. त्याला वाटतं, चमच्यावरूनच आलो."

"आणि काटा तिथेच राहिला तर?" आजोबांचा घास हातातच होता.

"डीबगर नीट बाहेर पडला तर जाताना आपले काटे उचलून, चमचे जागच्या जागी ठेवून जातो."

"आणि नीट नाही पडला?"

"अडकला आणि मला तो मारून टाकावा लागला, तर उचलणार कोण? काटा राहतो. प्रोग्रॅम चालू लागतो, वरून काही दिसत नाही. ज्या दिवशी पाय पडेल त्या दिवशी मालक विचारतो, हा काटा कुणाचा? कुणी हात वर करत नाही. मग मालक त्या प्रोग्रॅमलाच संपवतो."

"पण पाय पडणार कधी?"

"रोजच्या वाटेवर असेल तर लगेच. आडवाटेवर असेल तर..." तिने खांदे उडवले. "उद्या. दहा वर्षांनी. बंद करून परत सुरू केला तर प्रोग्रॅम कोरा होऊन येतो, काटा जातो. पण माझे प्रोग्रॅम कुणी बंदच करत नाही, तीच तर पंचाईत. म्हणून हे चिमटे. काटा ठेवला की चिमटा कॉलरला. काटा उचलला की चिमटा डब्यात. रोजच्या वाटेला निळा. जिथे क्वचित जाणं होतं पण गेल्यावर कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो, तिथे लाल. कॉलर रिकामी झाल्याशिवाय मी घरी येत नाही."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले आणि घास घेतला. "ब्रेकवरचा पाय काढल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही."

या वर्षी आजोबांच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरची खाट. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक भिंतीत. भिंतीवर काचेची बोटभर नळी आणि तिच्यात एक छोटी गोळी. ऑक्सिजन येत असला की गोळी वर तरंगते. दिवसभर मी त्या गोळीकडे बघत बसे.

भिंतीमागचा पाइप तळघरात जात होता. तिथला एक प्रोग्रॅम मोठ्या टाकीचा दाब मोजायचा आणि दाब चारवर आला की झडप फिरवून राखीव सिलिंडरवर जायचा. हल्ली त्याला खोड लागली होती. टाकी भरलेली असताना, आठवड्यातून एखाद्या वेळी, तो उगाच झडपेकडे धाव घ्यायचा आणि परत यायचा. हॉस्पिटलचं काम मावशीच्या कंपनीकडे होतं. तिने ते स्वतःहून मागून घेतलं. "बाबांजवळ बसणंही होईल. एका फेरीत दोन कामं."

तळघरात तिच्या सोबतीला टाकी सांभाळणारे काका होते. त्यांना सगळे प्रेशरकाका म्हणत, कारण नमस्कार केला तरी ते उत्तरात दाब सांगत. मी दहाच्या सुमारास मावशीचा चहा घेऊन खाली गेले, तेव्हा तिच्या कॉलरला एकच चिमटा होता. लाल.

"झडपेच्या दारात ठेवलाय," ती म्हणाली. "तिकडे उगाच धावला की सापडेल. मग विचारते, कुणी पाठवलं रे तुला."

"आणि सापडल्यावर किती वेळ थांबवून ठेवायचा?"

"आठ सेकंद," प्रेशरकाका म्हणाले. "त्याच्यावर राखणदार आहे दुसरा. आठ सेकंद हा गप्प राहिला की तो याला मेला समजतो आणि पुन्हा उठवतो."

"मग उठू दे की."

"उठताना हा आधी सगळ्या झडपा बंद करून तपासतो, पोरी. चार मिनिटं. चार मिनिटं वर कुणाला काही नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साडेसात आहे."

"काय?"

"प्रेशर."

कोपऱ्यात एक लोखंडी चाक होतं, हाताने झडप फिरवायचं. मी विचारलं, अडचणीत हे चालत नाही का. काका म्हणाले, चाललं असतं, पण दर वर्षी हॉस्पिटल रंगवतात आणि दर वर्षी रंगारी त्यालाही रंगवतात. आता ते चाक आणि भिंत एकच झालंय.

सव्वाअकराला आजोबांना ढास लागली. थांबेना. ओठांचा रंग मला आवडेना. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी होती. मी मावशीला फोन लावला.

खाली काय झालं ते मला काकांनी नंतर सांगितलं. मावशीला एक आकडा बघायचा होता, म्हणून तिने प्रोग्रॅम हाताने थांबवला होता. नेमका तेव्हा डीबगर अडकला. पडदा ढिम्म. काका मोजत होते, तीन, चार. फोन वाजला, तिने कानाला लावला. मी म्हणत होते, "मावशी, आजोबांना बघ ना, लवकर ये." काका म्हणाले, पाच. मावशीने डीबगर मारून टाकला. प्रोग्रॅम सुटला, पडद्यावरची रेघ पुन्हा चालायला लागली, काकांनी सुस्कारा सोडला. ती तोवर जिन्यात होती.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने आधी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग गोळीकडे, मग नळीवरून हात फिरवत गेली. खाटेच्या दांडीखाली नळी दुमडून चेपली होती. बस, एवढंच. तिने ती सोडवली. आजोबांची छाती दोनदा जोरात वर झाली, मग हळू. रंग परत आला.

"शंभर वर्षं या नळीकडे बघत बसलेय आणि हे मला दिसू नये," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"तू तेवीसची आहेस," मावशी म्हणाली. "हिला खोटंही नीट बोलता येत नाही. म्हणे चिमटेचोर."

नळी पुन्हा दांडीकडे घसरत होती. मावशीने ती उशीच्या अभ्र्याला लावून धरली, दुसरा हात कॉलरकडे नेला, चिमटा काढला आणि नळी अभ्र्याला पकडून टाकली. तो हात असा गेला जसा आपला घाम पुसायला जातो. मी पाहिलं. मला ते छानच वाटलं.

ती परत खाली गेली. जो आकडा तिला हवा होता तो अडकण्याआधीच दिसून गेला होता. दाब मोजणाऱ्या एका सेन्सरचा आकडा मधेच शून्य होत होता, त्यामुळे प्रोग्रॅम घाबरून झडपेकडे पळत होता. तिने अहवाल लिहिला, सेन्सर बदला म्हणून सांगितलं. मग सवयीप्रमाणे कॉलरवरून हात फिरवला. कॉलर रिकामी होती.

साडेतीनला ती पिशवी घेऊन वर येऊन बसली. आजोबा जागे होते.

"झालं काम?"

"झालं."

"ब्रेक?"

"सोडला बाबा."

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. मावशीने तो स्पीकरवर टाकला. "बाई, टँकर उशिरा येतोय. रस्त्यात पंक्चर. आज राखीववर जावं लागेल बहुतेक. तुम्ही इथे आहातच, म्हणून कळवलं. चार पूर्णांक सहा आहे."

"जाऊ दे ना. सेन्सर लबाड असला तरी झडप ठीक आहे."

"तसं नेहमीचंच आहे. आज फक्त खरोखरचं."

फोन बंद झाला. मावशी आजोबांचे पाय चेपत बसली. मी डबे आवरत होते, आणि मला उशीवरचा चिमटा दिसला. सिस्टरने आता नळीला चिकटपट्टी लावली होती, चिमटा नुसताच टोचत होता. मी तो काढला आणि मावशीपुढे धरला.

"हा घे तुझा. नाहीतर पुन्हा माझ्यावर येईल."

तिने हात पुढे केला नाही. आधी चिमट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कॉलरकडे, हनुवटी छातीला लावून. मी माणसाचा चेहरा रिकामा होताना पाहिलाय, पण इतका सावकाश कधी नाही.

"मी डीबगर मारला," ती म्हणाली. अगदी हळू, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत होती. "मारला, आणि वर आले."

मला पाच चमचे आठवले.

"सिस्टर," ती उठली. "सुटे सिलिंडर किती आहेत वॉर्डात?"

"दोन. का हो?"

"आणि खाटा?"

"बावीस." सिस्टर हातातला ट्रे ठेवत म्हणाली, "बाई, का?"

"दोन्ही बाहेर काढून ठेवा. ज्यांना सगळ्यात जास्त लागतो त्यांच्याजवळ. घाई करा, पण पळू नका." मग माझ्या फोनवरून तिने स्वतःच्याच नंबरला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. "हा चालू ठेव. इथून हलू नकोस. गोळी खाली आली तर मला सांग. बाबांना सांगू नकोस."

"बाबांना ऐकू येतंय," आजोबा म्हणाले.

ती थांबली नाही.

फोनमधून मला तिची जिन्यातली पावलं ऐकू आली, मग लोखंडी दार, मग काका. "चार पूर्णांक तीन. काय झालं?"

"काटा राहिलाय. झडपेच्या दारात."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"मग लावा ना परत डीबगर," काका म्हणाले. "त्याला सांगा उचल म्हणून."

"हा नवा आहे. याला जुन्याने काटा कुठे ठेवला हे माहीतच नाही. याला तो काटा खरा चमचाच वाटणार. जागा माझ्या वहीत आहे. तिथे मुळात कुठला आकडा होता तो डिस्कवरच्या मूळ प्रतीत बघायचा आणि हाताने परत ठेवायचा." कळा बडवल्याचा आवाज. "आधी सगळं लिहून ठेवते. लावला की प्रोग्रॅम थांबणार. तिथून तुमचे आठ."

"चार पूर्णांक दोन."

"मला सांगू नका."

"सवय आहे हो."

वर गोळी तरंगत होती. आजोबांनी माझा हात धरला होता, आधारासाठी नाही, शिकणाऱ्याचा धरतात तसा, स्टिअरिंगवर. "सोडून दे," ते पुटपुटले. मला कळेना कुणाला म्हणतायत.

"काका, मोजा. लावते."

"एक."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. सिस्टर सुटं सिलिंडर दोन्ही हातांनी लोटत आणत होती, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"दोन. तीन."

"थांबला. चल... चल की."

"चार."

"जागा चुकली. एक ओळ खाली."

"पाच. बाई, पाच."

"ऐकलं."

"सहा."

कळ वाजली. एकदाच.

"सात."

"सोडला. सोडला, नीट बाहेर पडला. बघा, रेघ चालतेय का?"

"चालतेय," काका म्हणाले. "ठेवलात ना? बरोबर आकडा?"

"ठेवलाय."

"कशावरून?"

उत्तर एकच होतं. दाब चारवर यायची वाट बघायची. सहा मिनिटं गेली, असं काका नंतर म्हणाले. मी घड्याळाकडे बघितलं नाही, गोळीकडे बघितलं. काकांनी एकदाही दाब सांगितला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

मग गोळी खाली आली.

"मावशी, गोळी खाली आली." माझा आवाज मलाच परका वाटला. आजोबांची छाती वर झाली आणि वरच राहिली. त्यांचे डोळे माझ्यावर होते. घोरणारा माणूस घोरायचा थांबला.

फोनमधून आवाज आला, लोखंडाचा, जड, कुणीतरी तळघराचं दार लाथेने लावावं तसा.

गोळी थरथरली, नळीत एकदा आपटली, आणि वर आली.

"गेला," काका म्हणाले. "राखीववर गेला." मग पाचेक सेकंदांनी, "सहा आहे प्रेशर."

मावशी वर आली तेव्हा आजोबा माझ्या हातून पाणी पीत होते. ती खाटेच्या कडेला बसली. तिने त्यांना सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. आजोबांनी ऐकून घेतलं.

"पाय ब्रेकवर ठेवून उतरलीस," ते म्हणाले.

"हो."

"माझ्यासाठी उतरलीस."

"हो."

"त्याने काही फरक पडत नाही," आजोबा म्हणाले आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. ते रागावले की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

गोष्ट इथेच संपली असती. पण मावशीने पिशवीतून डबा काढला. लाल चिमटा आत टाकला, झाकण लावायला घेतलं आणि थांबली. मग चिमटे एकेक करून चादरीवर मांडले. निळे सहा, लाल पाच. ती ते बराच वेळ बघत राहिली, माझ्या लहानपणापासून ते पाचच होते तरी पहिल्यांदाच मोजल्यासारखी.

"ऐक," ती म्हणाली. "खरं सांग. आता हसायचं नाही. तो सहावा तू घेतला होतास?"

मी तोंड उघडलं. हो म्हणणं किती सोपं होतं. सोळा वर्षं मी ते हसून म्हणतच आले होते. बाहुलीचा फ्रॉक, दोरी, सगळं तयार होतं. एक शब्द बोलले असते तर ती झाकण लावून घरी गेली असती, झोपली असती. आजोबा माझ्याकडे बघत होते. पाय ब्रेकवर ठेवून उतरायचं नाही, असं ते नेहमी म्हणायचे.

"नाही मावशी," मी म्हणाले. "मी घेतला नव्हता."

तिने मान हलवली. जणू मी तिला वेळ सांगितली. "मग तो माझ्या कॉलरवरूनच कुठेतरी गेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर जुनी डायरी घेऊन बसली होती. त्या वर्षी, त्या उन्हाळ्यात, ती एकाच ठिकाणी कामाला होती, दुसऱ्या गावच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात. तिथला प्रोग्रॅम पाण्यात क्लोरीन सोडायचा, आणि क्लोरीन गळायला लागला तर त्याचा सगळा पुरवठा तोडायचा. डायरीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं, डीबगर अडकला, मारून टाकला, शेवटची गाडी गाठली. काटा उचलल्याची नोंद नव्हती.

फोन एका बाईंनी उचलला. आवाज प्रसन्न होता.

"हो हो, तोच प्रोग्रॅम. चालूच आहे. तुम्हीच नीट केलात ना तो? फार छान केलाय बाई. सोळा वर्षांत एकदाही बंद करावा लागला नाही. दोन बॅटऱ्या बदलल्या, त्याही चालू ठेवूनच."

"गळती कधी झाली का?" मावशीने विचारलं. "म्हणजे, पुरवठा तोडायची वेळ कधी आली का त्याच्यावर?"

"छे हो. नशीब चांगलं आमचं. एकदाही नाही."

"आज कामावर किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

"आज ना? आज जरा जास्त आहेत. क्लोरीनचे सिलिंडर बदलायचेत, अकराची वेळ दिलीय. का हो?"

मावशीने घड्याळात पाहिलं. "ते थांबवा," ती म्हणाली. "मी येईपर्यंत एकाही सिलिंडरला हात लावू देऊ नका. नाही, नंतर सांगते. आधी जाऊन थांबवा. मी फोन धरते."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं दूर गेली. एका हाताने फोन कानाशी धरून मावशीने दुसऱ्या हाताने डबा उघडला, एक लाल चिमटा काढला आणि कॉलरला लावला. सोळा वर्षं उशिरा. मग ती उभी राहिली आणि पावलं परत यायची वाट बघू लागली.